परदेशी फिरायला नेमकं कधी जायचं? गोव्यातल्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

एका जुलैत आमच्याकडे मांद्र्याला नागपूरचं एक जोडपं राहायला आलं होतं. पहिल्याच सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "ताई, दूधसागरला जायला जीप कुठून मिळते?" मला सांगायला जड गेलं. पावसाळ्यात कुळ्याच्या जीप बंद असतात, त्या ऑक्टोबर उजाडल्यावर सुरू होतात. किनाऱ्यावर शॅक नव्हते आणि समुद्रावर लाल बावटा होता. त्यांच्या कागदावरच्या सहा गोष्टींपैकी चार त्या आठवड्यात गोव्यात नव्हत्याच. शेजारच्या खोलीत पुण्याचे दोघे उतरले होते. ते फक्त पाऊस बघायला आले होते. दिवसभर चोर्ला घाटात धुक्यात भिजून यायचे, संध्याकाळी पडवीत बसून शेतातली लावणी बघायचे. निघताना पुढच्या जुलैसाठी खोली सांगून गेले.

दोघांचं गाव एक, आठवडा एक. म्हणून मला कोणी "बालीला कुठल्या महिन्यात जाऊ?" असं विचारलं की मी उलट विचारते, "बालीत काय बघायचंय, आणि तुमचा कुठला आठवडा मोकळा आहे?" या दोन उत्तरांशिवाय महिना सांगता येत नाही. गेली काही वर्षं आम्ही स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या सहली ज्या क्रमाने ठरवतो, तोच क्रम खाली दिला आहे. एक चूक आम्हाला महागात पडली, तीही सांगते.

पायरी १: आधी घरचे मोकळे आठवडे लिहून काढा

देश निवडायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि जे आठवडे कधीच मोकळे मिळणार नाहीत त्यांवर काट मारा. आमच्यासारख्या, पर्यटनावर पोट असलेल्या घरांचे ऑक्टोबर ते मे सगळे गेले. ज्यांची काजूची बागायत आहे त्यांना मार्च-एप्रिलमध्ये हलता येत नाही. ट्रॉलरवाल्यांना १ जून ते ३१ जुलै हे मासेमारी बंदीचे ६१ दिवस मोकळे मिळतात. नोकरदारांना मे महिना सोयीचा वाटतो, पण काही वर्गांचं शालेय वर्ष हल्ली एप्रिलमध्येच सुरू होतं, तेव्हा मुलांच्या शाळेचं पत्रक समोर ठेवूनच तारखा धरा.

मग चवथ. घरचा गणपती सोडून गोंयकार कुठे जात नाही. माटोळी, पाहुणे, विसर्जन धरून दोन आठवडे बाजूला ठेवा, कारण आधीचा आठवडाही घर रंगवण्यात आणि बाजारहाटात जातो. गावची जत्रा आणि शिगमो हेही आपापल्या गावाप्रमाणे मांडून घ्या.

बरोबर कोण येणार तेही आत्ताच लिहा. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे थंडी असलेली ठिकाणं आमच्या यादीतून निम्म्याने कमी होतात. गुडघेदुखी असेल तर ज्या महिन्यात रस्ते निसरडे किंवा बर्फाळ असतात तो महिना नको.

एवढं झाल्यावर बहुतेक घरांकडे दोन-तीनच खिडक्या उरतात. आता प्रश्न पुष्कळ सोपा होतो: या खिडकीत जगात कुठे काय चांगलं असतं?

पायरी २: काय बघायचंय ते एका ओळीत लिहा

"युरोप करायचाय" ही ओळ पुरत नाही. "ट्यूलिपची शेतं बघायचीत" ही ओळ पुरते, कारण तिला तारीख आहे. नेदरलँड्समधली क्युकेनहॉफची बाग मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंतच उघडी असते आणि शेतं साधारण एप्रिलच्या मध्याला भरात असतात. पुढे शेतकरी फुलं खुडून टाकतात, कारण त्यांना कंद पोसायचा असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात ट्यूलिपसाठी गेलेलं माणूस हिरवी पानं बघून परत येतं.

अशा तारीख असलेल्या आणखी काही गोष्टी सांगते. जपानमध्ये टोकियो-क्योटोकडे साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फुलतो, आणि क्योटोची लाल-केशरी पानगळ नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रंगते. केनियाच्या मसाई मारामध्ये विल्डबीस्टचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात. व्हिक्टोरिया धबधबा एप्रिल-मेच्या सुमारास सर्वात भरलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूला कितीतरी ठिकाणी नुसता कातळ दिसतो. नॉर्दर्न लाइट्ससाठी, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या आभाळातल्या रंगीत उजेडासाठी, रात्र काळी लागते, म्हणून सप्टेंबर ते मार्च. नॉर्वेतल्या ट्रोम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही, म्हणजे मेच्या सुट्टीत तिथे गेलात तर त्या उजेडाचा एक किरणही दिसणार नाही. मेअखेर मध्यरात्रीचा सूर्य मात्र दिसेल. तोच बघायचा असेल तर मेअखेर आणि जून अगदी योग्य.

याउलट काही गोष्टींना महिना लागत नाही. संग्रहालयं, जुनी चर्चं, सिंगापूरचं प्राणिसंग्रहालय ही कधीही बघावीत. स्वित्झर्लंडमधल्या उंच युंगफ्राउयोखला बर्फ बाराही महिने असतो.

दोन इच्छा एकमेकींच्या आड आल्या तर एकच निवडा. ट्यूलिप आणि आल्प्सच्या उंच पायवाटा एका सहलीत बसत नाहीत, कारण ट्यूलिपच्या वेळी त्या वाटा बर्फाखाली असतात. दोन्ही साधायला गेलात की दोन्ही अर्धवट मिळतात.

पायरी ३: देशाचं हवामान विचारू नका, गावाचं बघा

इथेच आम्ही चुकलो. २०१९ साली चवथ २ सप्टेंबरला होती. सगळं आटोपून तिसऱ्या आठवड्यात आम्ही थायलंडमध्ये क्राबीला गेलो. आमचा हिशेब आमच्या दर्यावरून बांधलेला: नारळी पौर्णिमा होऊन महिना उलटला, आपला समुद्र निवळत आलाय, तिथलाही निवळला असेल. ज्याच्याकडून बुकिंग केलं त्यानेही "सप्टेंबरात पाऊस संपतो" म्हणून सांगितलं होतं.

पहिल्या सकाळी धक्क्यावर गेलो तर लांब शेपटीच्या होड्या एकमेकींना दोरांनी बांधून ठेवलेल्या, त्यांच्यावर निळी ताडपत्री, आणि पाण्याला पावसाळ्यातल्या मांद्र्याच्या पाण्याचा तोच मातकट रंग. नवऱ्याचं लहानपण रापणीच्या होड्यांत गेलंय. त्याने पाण्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाला, "आज सुटायची नाही." ती सुटली नाही. चार दिवसांत एकच दिवस बेटावर जाता आलं, तेही मुलगी उलट्या करत. ज्या समुद्रात आपल्या घरचं माणूस पाय घालायला देत नाही, त्याच समुद्रासाठी आम्ही पैसे भरून गेलो होतो.

संध्याकाळी हॉटेलातल्या एका बाईने पावतीच्या मागे नकाशा काढून दाखवला. थायलंडची खालची पट्टी अरुंद आहे आणि तिच्या दोन बाजूंना दोन समुद्र आहेत. पश्चिमेला, अंदमानच्या समुद्राकडे, फुकेत आणि क्राबी. तिथे आपलाच नैर्ऋत्य मान्सून लागतो, साधारण मे ते ऑक्टोबर. तो उत्तरेकडून दक्षिणेकडे मागे सरतो, म्हणून आपल्याकडे ओसरायला लागला तरी तिथे सप्टेंबर-ऑक्टोबर हेच सर्वात ओले महिने असतात. पूर्वेला, आखातात, कोह समुई. तिथे जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे त्याच सप्टेंबरात आम्ही समुईला गेलो असतो तर पुष्कळ बरं हवामान मिळालं असतं.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. जुलैत पणजी बुडते आणि सह्याद्री ओलांडून धारवाडच्या पुढे गेलं की आभाळ नुसतं भरलेलं, पाऊस थोडा. चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. वारा कुठल्या बाजूने येतो आणि मध्ये डोंगर आहे का, हे दोन प्रश्न कुठल्याही नकाशावर विचारा:

श्रीलंकेत गॉल-बेंटोटाची नैर्ऋत्य बाजू डिसेंबर ते मार्च चांगली, त्रिंकोमाली आणि अरुगम बे साधारण मे ते सप्टेंबर. मलेशियात लंकावी पश्चिमेला आहे, तिथे डिसेंबर ते मार्च जावं. पूर्वेच्या पर्हेंतियन आणि रेडांग बेटांवरची बहुतेक हॉटेलं साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असतात. व्हिएतनाम तर लांबच लांब देश. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हनोईला सुंदर कोरडी हवा असते, आणि त्याच वेळी मधल्या होई आनच्या जुन्या गल्ल्यांत पुराचं पाणी शिरतं. "व्हिएतनाम आठ दिवस" असं पॅकेज ऑक्टोबरात घेताना त्यातले किती दिवस दा नांग आणि होई आनला आहेत ते आधी मोजा.

विषुववृत्ताच्या खाली गेलं की सगळं उलटतं. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं, नोव्हेंबर ते मार्च पाऊस. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आपली दिवाळी त्यांच्या वसंतात येते आणि आपला मे त्यांच्या हिवाळ्याच्या तोंडाशी. केप टाउनचा पाऊस जून ते ऑगस्टमध्ये पडतो. त्याच देशात क्रूगरच्या जंगलात तेव्हा कोरडं असतं, गवत वाळतं, जनावरं पाणवठ्यावर येतात आणि छान दिसतात.

पायरी ४: तक्ता वाचताना पणजीची फूटपट्टी लावा

इंटरनेटवर कुठल्याही शहराचा महिनेवारी तक्ता मिळतो. आकडे मिळतात, पण आकडा अंगाला कसा लागेल ते कळत नाही. त्यासाठी शेजारी पणजीचा तक्ता उघडा. पणजीत जुलैत नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो आपण भोगलाय, कपडे न वाळणं आपल्याला माहीत आहे. पणजीचा जानेवारी म्हणजे दुपारी ३२ आणि पहाटे २० अंश. आता ज्या गावाला जायचंय तिथली दुपार १२ अंशांची असेल, तर ती आपल्या सर्वात गार पहाटेहून आठ अंशांनी गार आहे हे लगेच समजतं. मुलांचे कपडे किती घ्यायचे तेही तिथेच ठरतं.

तक्त्यात चार रकाने बघा: पावसाचे मिलिमीटर, पावसाचे दिवस, कमाल-किमान तापमान, आणि दमटपणा. मिलिमीटर आणि दिवस नेहमी जोडीने वाचायचे. लंडनला अख्ख्या वर्षात सहाशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे तेवढा जुलैच्या वीस दिवसांत होतो. पण तो सहाशे वर्षभर झिमझिम पसरलेला असतो, म्हणून छत्री रोज लागते आणि सहल मात्र थांबत नाही. सिंगापूरला पाऊस बाराही महिने आहे, नोव्हेंबर ते जानेवारी थोडा जास्त. तिथे बरेचदा दुपारी गडगडाटासह तासभर कोसळतो आणि उघडतो, तेवढा वेळ मॉलमध्ये काढावा. हनोईचा फेब्रुवारी-मार्च याच्या उलट फसवा. आकडा छोटा दिसतो, पण दिवसेंदिवस बारीक भुरभुर आणि करडं आभाळ असतं, आणि ‘हा लाँग बे’ या उपसागरातल्या सुळक्यांवरचं धुकं उठत नाही.

उष्म्याचंही तसंच. दुबईला जुलैत पारा चाळिशीच्या वर जातो, शिवाय समुद्राचा दमटपणा. आतल्या आत गाडी, मॉल, हॉटेल असं करणार असाल तर खोल्या स्वस्त मिळतात. वाळवंट आणि किनारा हवा असेल तर नोव्हेंबर ते मार्चच. युरोपचा ३५ अंश मात्र आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही, आणि घ्यायला हवा. तिथल्या जुन्या हॉटेलांत एसी नसतो हे लोकांना ठाऊक असतं, पण छताला पंखाही नसतो हे तिथे गेल्यावर कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये रोम किंवा पॅरिसला वयस्कर माणसांना नेणार असाल तर बुकिंगच्या वेळी एसीची खात्री लेखी करून घ्या.

आणि उंची. दर हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. युंगफ्राउयोखच्या खालचं इंटरलाकेन गाव सहाशे मीटरच्या खालीच आहे, युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर. खाली २४ अंशांत अर्ध्या बाह्यांनी फिरणारं माणूस दोन-अडीच तासांत शून्याजवळ पोचतं. जून असला तरी लोकरीची टोपी पिशवीत हवीच. हवाही विरळ असते, म्हणून दमा किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वरचं तिकीट काढावं.

पायरी ५: दिवस किती तासांचा आहे ते बघा

ही पायरी आपल्याकडे हमखास राहून जाते, कारण गोव्यात दिवस फारसा बदलत नाही: डिसेंबरात सव्वाअकरा तास, जूनमध्ये तेरा. लंडनला डिसेंबरात उजेड आठ तासांहूनही कमी असतो आणि चारच्या आधी सूर्य मावळतो. जूनमध्ये तोच दिवस साडेसोळा तासांचा. नाताळच्या रोषणाईसाठी जाणाऱ्यांना अंधार लवकर पडलेला बराच. पण डोंगर, बागा, किल्ले बघायचे असतील तर तितक्याच हॉटेलभाड्यात जूनमध्ये दुप्पट उजेड मिळतो. मी सहलीचा हिशेब करताना दिवसांच्या जोडीला उजेडाचे तासही मोजते.

पायरी ६: तिथले सण. आपलं पंचांग इथे कामाला येतं

परक्या देशाचा सण दोन प्रकारे अंगावर येतो: एकतर सगळं बंद, नाहीतर सगळं भरलेलं. यातले कितीतरी सण चंद्रावर चालतात, आणि चंद्र आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर छापलेला असतो.

व्हिएतनामचं नवं वर्ष, तेत, आणि चिनी नवं वर्ष आपल्या पौष किंवा माघ अमावास्येच्या सुमारास येतं, म्हणजे २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान. तेतला बरीच दुकानं, खानावळी काही दिवस बंद राहतात आणि गाड्या गावी जाणाऱ्यांनी भरतात. श्रीलंकेत दर पौर्णिमेला पोयाची सरकारी सुट्टी असते, दारूची दुकानं बंद असतात. उलट होई आनला पौर्णिमेच्या आदल्या रात्री जुन्या गावात विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. त्यासाठी तारीख जुळवून जावं, इतकं ते सुंदर दिसतं.

बालीचं नवं वर्ष, न्येपी, तर आपल्या घरचं म्हणावं असं. तिथेही शक संवत्सर चालतं. २०२३ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही २२ मार्चला आले, २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चला. काही वर्षी एखाद्या दिवसाचा किंवा महिन्याचा फरक पडतो. पण आपण गुढी उभारतो तेव्हा तिथे पूर्ण मौन. चोवीस तास विमानतळ बंद, रस्ते बंद, पाहुण्यांनीही हॉटेलबाहेर पडायचं नाही, दिवे मंद. पाडव्याची सुट्टी जोडून बालीचं तिकीट काढताना ही तारीख बघितल्याशिवाय पैसे भरू नका. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोहच्या अक्राळविक्राळ पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात. शिगम्याचे चित्ररथ बघून मोठ्या झालेल्या माणसाला त्या फार आवडतील.

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, कारण त्या कालगणनेत आपल्यासारखा अधिक मास नाही. आखाती देशांत तेव्हा दिवसाचं रूटीन बदलतं आणि रात्री रौनक असते.

सूर्यावर चालणाऱ्या तारखा वहीत टिपून ठेवा. थायलंडचं नवं वर्ष, सोंगक्रान, १३ ते १५ एप्रिल. जपानचा सुट्ट्यांचा गोल्डन वीक २९ एप्रिल ते ५ मे, नेमका आपल्या मेच्या सुट्टीच्या तोंडावर. त्या आठवड्यात सगळा जपान घराबाहेर असतो. इटलीत १५ ऑगस्टचं फेरागोस्तो, आणि त्या महिन्यात कितीतरी छोटी दुकानं, खानावळी बंद. लिस्बनला १२ जूनची रात्र सांत आंतोनियोची. आमच्या जुन्या शेजारणीला सांजावच्या आधी तिथे जाऊन सार्डिन भाजणाऱ्या त्या गल्ल्या बघायच्या होत्या, आणि तिने सगळी सहल त्या एका रात्रीभोवती आखली. तसंच करावं.

पायरी ७: बंद काय आहे त्याची यादी

दूधसागरच्या जीपची गोष्ट इथे पुन्हा आठवा. थायलंडचं माया बे दर वर्षी साधारण १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर बंद ठेवतात, सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. स्वित्झर्लंडमधल्या फुर्का आणि ग्रिमसेलसारख्या उंच खिंडी मेअखेर-जूनपर्यंत बर्फामुळे बंद असतात, आणि बऱ्याच केबल कार दुरुस्तीसाठी एप्रिल किंवा नोव्हेंबरमध्ये थांबतात. तुमच्या यादीतल्या प्रत्येक ठिकाणाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन त्या आठवड्याची वेळ बघा. एजंटच्या तोंडी शब्दावर ही गोष्ट सोडू नका.

पायरी ८: मधला काळ आणि पैसे

भर सीझनमध्ये खोलीचा भाव काय होतो हे आम्हाला कोणी सांगायला नको. नाताळच्या आठवड्यात आम्हीच तो लावतो. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हवा तितकीच चांगली असते, पाहुण्यांशी बोलायला वेळ असतो, मासळी ताजी असते, हेही आम्हाला माहीत आहे. असा काठावरचा काळ प्रत्येक देशात आहे. युरोपात मेचा उत्तरार्ध, जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर. बालीत जुलै-ऑगस्टची गर्दी टळते ती जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरात. त्या मधल्या दोन महिन्यांत बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटाकडचा समुद्रही बराच उसळलेला असतो. तुर्कस्तानात एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. तिथल्या काप्पादोकियात माणसं घेऊन उडणारा गरम हवेचा फुगा वाऱ्यावर अवलंबून असतो, म्हणून तिथे एक रात्र न धरता निदान दोन-तीन धरा. पहिल्या सकाळी उड्डाण रद्द झालं तरी दुसरी सकाळ हातात राहते.

पायरी ९: गोव्याहून निघणं आणि व्हिसा

दाबोळी आणि २०२३ पासून सुरू झालेला मोपा असे दोन विमानतळ आहेत, पण थेट परदेशी जाणारी विमानं मोजकी, त्यात जास्त आखाताकडची. बाकी ठिकाणी मुंबई, बंगळूर किंवा दिल्लीवरून. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी इथे विशेष जपा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतं, गाड्या हळू धावतात, कधी दरड येते. मुंबईहून रात्रीचं विमान आणि त्याच सकाळी मडगावहून गाडी, असा हिशेब जुलैत कधीच धरू नका. एक रात्र मुंबईत काढा. ते खोलीचे पैसे मला कधीच वाया गेलेले वाटत नाहीत.

व्हिसाचे दिवस उलटे मोजा. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण मेच्या प्रवासासाठी मार्च-एप्रिलमध्ये भेटीच्या तारखा मिळणं फार कठीण जातं. जानेवारी-फेब्रुवारीतच कामाला लागा. निदान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने असावी, बरेच देश ते मागतात. केनियाला जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस ठराविक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि ती निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

तर मग तुमच्या खिडकीत कुठे?

जून ते सप्टेंबर मोकळे असणाऱ्यांना मी आधी बाली सांगते. मग श्रीलंकेची पूर्व आणि मधली बाजू: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिन्नेरियाच्या तलावाकाठी हत्तींचे मोठे कळप जमतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये कँडीचा एसाला पेराहेरा, म्हणजे सजवलेल्या हत्तींच्या मिरवणुकांचा उत्सव, असतो. बजेट मोठं असेल तर मसाई मारा. आणि जुलैचा आल्प्स: खिंडी उघड्या, पायवाटा मोकळ्या, कुरणं फुलांनी भरलेली.

मे मिळत असेल तर युरोपचे मैदानी भाग आणि धबधबे. स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात बर्फ वितळून पाणी कड्यावरून कोसळत असतं, त्यातला श्टाउबबाख जवळजवळ ३०० मीटरचा आहे. दिवाळीच्या आसपास निघणाऱ्यांना इजिप्त, उत्तर व्हिएतनाम, नेपाळ. त्या दिवसांत हिमालय स्वच्छ दिसतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत सुटी मिळणारे भाग्यवान. त्यांना फुकेत, क्राबी, गॉल, दुबई सगळंच उघडं आहे. फक्त फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंडमध्ये, च्यांग माईकडे, शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर दाटलेला असतो. दमेकरी बरोबर असतील तर तिकडे नको.

निघायच्या आठवड्यात

महिना योग्य निवडला तरी एखादा दिवस बिघडतोच. म्हणून मी सहलीतली सर्वात महत्त्वाची गोष्ट कधीही शेवटच्या दिवशी ठेवत नाही. ती दुसऱ्या दिवशी ठेवते, म्हणजे पाऊस आला तर पुढे सरकवायला जागा उरते. प्रत्येक उघड्यावरच्या दिवसाला एक छपराखालचा दिवस जोडीला लिहून ठेवते. डोंगरावरच्या केबल कारचं आणि होडीचं तिकीट शक्यतो आदल्या संध्याकाळी काढावं. युंगफ्राउयोखसारख्या ठिकाणी वरचा थेट कॅमेरा संकेतस्थळावर दिसतो. सकाळी सहाला उठून तो उघडायचा, शिखर दिसलं तर निघायचं, पांढरं दिसलं तर त्या दिवशी खालचा तलाव करायचा.

क्राबीच्या त्या पावतीमागचा नकाशा अजून आमच्या पासपोर्टच्या पाकिटात आहे. यंदा जानेवारीत चार दिवस कसेबसे सुटतायत, नवऱ्याला पुन्हा तिथेच जायचंय. त्याला ते पाणी निळं झालेलं बघायचंय.